टॅपेटचा आवाज गेला आणि पिकपही गेला: जुन्या इंजिनांचं टॅपेट-टायमिंग

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. घरी वडिलांच्या वेळची ॲम्बॅसेडर आहे. मार्क ४, पेट्रोल, १४८९ सीसीचं इंजिन. दारात सजवून ठेवलेली नाही, आम्ही ती चालवतो. मध्यंतरी टॅपेटची (इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यातल्या गॅपची) टिकटिक फार वाढली म्हणून एका गॅरेजात दिली. परत आली तेव्हा इंजिनाचा आवाज इतका कमी झाला होता की घरच्यांना गाडी नवी झाल्यासारखी वाटली.

त्रास त्यानंतर सुरू झाला. सकाळी गार इंजिनावर गाडी ठीक असते. लातूरच्या रस्त्यानं निघालो की लोह्याच्या आसपास पिकप पडायला लागतो. स्लोला (ॲक्सिलरेटर सोडलेला असताना) इंजिन हलतं, मधूनच सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌ येतं. गरम असताना बंद केली की परत लवकर लागत नाही. आधी कार्बोरेटरवर संशय घेऊन तो साफ झाला, प्लग बदलले. मग कुणीतरी डेल्को (प्लगना ठिणगी वाटून देणारं डिस्ट्रिब्युटर) फिरवून टायमिंग पुढं, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असं, करून दिलं. त्यानं थोडा जोर आला, पण बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये सरळ नॉकिंग (सिलेंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटल्याची किणकिण) ऐकू आलं.

मला हे काम आता स्वतः शिकून करायचंय. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आहे, पाने आहेत, इंजिन हातानं फिरवायचं गाडीचं हँडलही शाबूत आहे. विचारायचं एवढंच: सुरुवात टायमिंगपासून करायची की टॅपेटपासून?

बालाघाट (बीड)

दादा, काही खोलायच्या आधी एक करून बघा. गाडी चांगली गरम करा, स्लोला ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची लांब पट्टी धरा. सगळं ठीक असेल तर पट्टी एकसारखी बाहेरच फडफडते. मधूनच आत ओढली जात असेल, तर एखादा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटताना टेकायच्या जागेवर, पूर्ण बसत नाही असं समजा. आमच्याकडं जीपवाले जुने मिस्त्री आधी हेच करायचे आणि मग बॉनेट उघडायचे.

आणि ते पुढं केलेलं टायमिंग आधी मागं घ्या. नॉकिंगसकट घाट चढवू नका, पिस्टनचं वाटोळं होतं.

डेल्को (लातूर)

गोदाकाठ, तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. क्रम ठरलेला आहे आणि त्याला कारण आहे. आधी टॅपेट, मग पॉइंटचा (डेल्कोतल्या, उघडताना ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. उलट्या क्रमानं केलं तर प्रत्येक पायरीला आधीची चूक झाकली जाते. तुमच्या गाडीचं तेच झालंय. टॅपेट टाईट, त्यामुळे जोर गेला. जोर आणायला टायमिंग पुढं केलं, त्यामुळे घाटात नॉकिंग. आता कुणी पेट्रोल वाढवून नॉकिंग दाबलं की चार बिघाड एकमेकांत गुंतले.

टॅपेट टाईट असण्यात धोका काय, ते नीट सांगतो, कारण आवाज नसला म्हणजे सेटिंग चांगलं हा समज आपल्याकडं खोल रुजलेला आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड चालत्या इंजिनात तापून लाल होतं. ती उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग एकच: मिटल्यावर सीटला टेकणं. सीटमधून उष्णता हेडमध्ये जाते, हेडमधून पाण्यात. गॅप कमी असला की व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, म्हणजे टेकायला वेळच कमी मिळतो. त्यात तापून दांडा लांबला की उरलेला गॅपही संपतो आणि व्हॉल्व्ह मिटतच नाही. मग त्या फटीतून जळता गॅस सुटतो आणि व्हॉल्व्हची कड खाऊन टाकतो. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर पिकप गायब, हे तुमचं लक्षण अगदी त्याचंच आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात, गाडीत पाच माणसं बसलेली असताना, हे फार पटकन घडतं.

गॅप जास्त असला तर आवाज होतो, व्हॉल्व्ह कमी उचलला जातो, थोडा जोर जातो, रॉकर आणि दांड्याचं टोक ठोके खात झिजतं. तोटा आहेच, पण तो हळूहळू होतो आणि सतत ऐकू येतो. टाईट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतं आणि तोपर्यंत कानाला काहीच कळत नाही.

आता करायचं कसं. तुमच्या इंजिनाला गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला. चारही प्लग काढा, म्हणजे हँडलनं इंजिन हलकं फिरेल. टॅपेट कव्हर काढा. रेडिएटरच्या बाजूनं मोजलं तर आठ व्हॉल्व्ह असे आहेत: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट. आता नऊचा हिशोब लक्षात ठेवा. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला आहे त्याचा नंबर नवातून वजा करा, जो नंबर येईल त्याचं टॅपेट सेट करायचं. आठवा पूर्ण उघडा असेल तर पहिला सेट करा. सहावा उघडा तर तिसरा, चौथा उघडा तर पाचवा, सातवा उघडा तर दुसरा. मग पहिला उघडल्यावर आठवा, तिसऱ्यावर सहावा, पाचव्यावर चौथा, दुसऱ्यावर सातवा. याच क्रमानं गेलात तर हँडलच्या दोन पूर्ण फेऱ्यांत आठही होतात आणि टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) शोधत बसावं लागत नाही.

फिलर सरकवताना त्याला थोडी ओढ जाणवली पाहिजे. अडकलं तर गॅप कमी, सहज पडलं तर जास्त. स्क्रू पेचकसनं धरून चेकनट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, आणि दुसऱ्यांदा मोजायचा कंटाळा केला की तिथंच काम बिघडतं.

इंजिन गरम ठेवायचं की गार, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात जसं दिलंय तसं. अर्धे गरम, अर्धे गार असं मात्र करू नका. आणि सेट करायच्या आधी आठही गॅप जसे आहेत तसे मोजून वहीत लिहा, नंबरासकट. इथं टाका, त्यावरून बरंच सांगता येईल.

सिंदफणा (माजलगाव)

माहिती उत्तम. पण टायमिंगच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. जुन्या गाड्यांचे पुस्तकातले आकडे त्या काळच्या पेट्रोलवर काढलेले. आज पेट्रोल वेगळं, इंजिन झिजलेलं, डेल्कोची बुशिंग ढिली. माझे मामा पद्मिनी आणि जीप दोन्ही कानावर सेट करायचे. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस द्यायची, नॉकिंगची हलकी किणकिण एक क्षण येऊन गेली पाहिजे. जास्त टिकली तर डेल्को केसभर मागं, आलीच नाही तर केसभर पुढं. पुस्तकापेक्षा रस्ता खरं सांगतो.

डेल्को (लातूर)

सिंदफणा, तुमच्या मामांची पद्धत मला मान्य आहे. मीही शेवटचा हात रस्त्यावरच फिरवतो. पण ती पद्धत शेवटच्या एक-दोन अंशांसाठी आहे. टॅपेट आणि पॉइंट बरोबर असतील तेव्हाच कान खरं ऐकतो. एका सिलेंडरचा व्हॉल्व्ह गळत असेल तर तुम्ही बाकीच्या तिघांवर ज्यादा ॲडव्हान्स (पुढं केलेलं टायमिंग) लादता आणि चौथ्याची उणीव भरून काढायला जाता.

पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉल मिसळल्यानं ऑक्टेन वाढतो, म्हणजे नॉकिंग उलट उशिरा येतं. मग किणकिण येईपर्यंत पुढं पुढं नेत गेलात तर गरजेपेक्षा जास्त पुढं जाल. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिक्स्चर पातळ पडतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) आणि इंजिन जास्त तापतं. त्याचा उपाय कार्बोरेटरमध्येच करायचा.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

टॅपेटच्या आवाजाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मी वाळूजला इंजिन जोडणीच्या कामात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे.

गोदाकाठ यांच्या गाडीचा आवाज मुळात का वाढला असेल? रॉकरचं तोंड वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांड्यावर घासतं आणि तिथं दांड्याच्या मापाचा खड्डा पडतो. फिलरची पट्टी सपाट असते, ती त्या खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते. पट्टी १५ थाऊ दाखवते, पण खड्ड्यात खरा गॅप वीस-बावीस असतो. म्हणून नीट सेट करूनही टिकटिक राहते. मग गिऱ्हाईक म्हणतं आवाज जात नाही, आणि मिस्त्री आवाज जाईपर्यंत स्क्रू आवळतो. मिस्त्रीला एकट्याला दोष देऊ नका, गिऱ्हाइकाची मागणीच तशी असते.

रॉकर शाफ्ट उतरवून तोंडं बघा. नखाला खड्डा लागत असेल तर ग्राइंडिंगवाल्याकडून मूळ गोलाई राखून घासून घ्या. फार खोल असेल तर रॉकर बदला, कारण वरचा कडक थर गेला की खालचं पोलाद भराभर झिजतं. शाफ्टलाही खालच्या बाजूनं झीज असते, तीही बोटानं तपासा. डायल गेज असेल तर ते रॉकरवर लावून खरा खेळ मोजता येतो, तिथं खड्डा फसवत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

डेल्को, वाळूजकर काका, बालाघाट, मनापासून आभार. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.

कागदाची पट्टी मधून मधून आत ओढली गेली, अगदी स्पष्ट.

गार इंजिनावरचे गॅप, रेडिएटरकडून, थाऊमध्ये: ७, १०, ११, ६, ४, १०, ९, ८. रॉकर उतरवून बघितले, तीन रॉकरांना नखाला लागेल असा खड्डा आहे. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजायचं गेज भाड्यानं आणलं. तीन सिलेंडर जवळपास सारखे, रेडिएटरकडून तिसरा फार खाली.

डेल्को (लातूर)

एक्झॉस्टचे चारही आकडे बघा: ७, ६, ४, ८. चारी इनलेटपेक्षा टाईट. कुणी आठही सारखे आवळले असतील तर नंतर एक्झॉस्टचे आणखी कमी झालेत, म्हणजे एक्झॉस्टच्या सीट खाली बसतायत. व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांड्याचं टोक रॉकरजवळ येतं आणि गॅप आपोआप घटतो. जुन्या हेडांना हे होतं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये राहायचा. देशभर शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. शहरांच्या हवेसाठी ते चांगलंच झालं, पण साध्या ओतीव लोखंडाच्या सीटांना तो आधार राहिला नाही. जोरात आणि लोडवर चालवलं की व्हॉल्व्ह सीट खरवडतो. म्हणून अशा गाडीचं टॅपेट वेळोवेळी मोजायचं ते ढिलं झालं का यापेक्षा टाईट झालं का हे बघायला.

पाचव्या नंबरला ४ थाऊ, आणि पाचवा म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचाच एक्झॉस्ट. कॉम्प्रेशन पण तिथंच कमी. आता आठही १५ ला सेट करा आणि तिसऱ्याचं कॉम्प्रेशन पुन्हा घ्या. वाढलं नाही तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल टाकून आणखी एकदा घ्या. ऑईलनं आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा.

कोरडवाहू (जिंतूर)

माफ करा, मधीच बोलायलोय. आमच्याकडं मॅसी ट्रॅक्टर हाय, तीन सिलेंडरचं. उसाच्या ट्रॉल्या वढून वढून आता सकाळी पांढरा धूर सोडायलंय आन चढाला दम टाकायलंय. मिस्त्री म्हणतो डिझेलचा पंप उतरवून टायमिंग करू. पंपाला हात लावावा का नाही?

पंपसेट (परभणी)

कोरडवाहू भाऊ, डिझेलला प्लग नाही, पॉइंट नाही, पण क्रम तोच. पंप शेवटी.

पर्किन्स ३.१५२ जातीचं इंजिन असेल तर टॅपेट गार असताना ०.३० मिमी, गरम असताना ०.२५ मिमी. फायरिंगचा क्रम १-२-३. एका सिलेंडरला कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणायचं, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह सेट करायचे, मग क्रँक २४० अंश फिरवायचा आणि पुढचा सिलेंडर. दुसरं इंजिन असेल तर हा आकडा वापरू नका, पुस्तक बघा.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. टायमिंग मागं पडलं असेल तर येतो, पण इंजेक्टर टपकत असला किंवा कॉम्प्रेशन कमी असलं तरी येतो. म्हणून आधी एअर क्लीनरचं ऑईल, डिझेल फिल्टर, टॅपेट, मग इंजेक्टर टेस्टिंगवाल्याकडं. एवढ्यानंही धूर राहिला तर पंप. आणि पंप ढिला करायच्या आधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या अंगावर मिळून एकच बारीक रेघ मारून ठेवा, मिस्त्रीला हात लावू देण्याआधी. रेघ असली की कितीही प्रयोग झाले तरी मूळ जागेवर परत येता येतं. टायमिंग जास्त पुढं गेलं तर डिझेल इंजिन कडक ठकठक करतं. काही लोकांना त्यात ताकद वाटते, पण तो हेड गॅस्केट आणि बेअरिंगवर पडणारा मार असतो.

विहिरीवरचं एक सिलेंडरचं किर्लोस्कर असेल तर तिथं पंपाखाली पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) असतात. शिम काढली की टायमिंग पुढं, वाढवली की मागं. पंप उतरवताना शिम मातीत पडून हरवतात आणि मग नुसतं गॅस्केट लावून बसवतात. मोटार नसलेल्या शेतावर निम्मी इंजिनं याच कारणानं केकाटतात, असं माझं बघणं आहे.

कोरडवाहू (जिंतूर)

लै उपकार झाले भाऊ. रेघ मारतो आधी.

हर्सूल (छत्रपती संभाजीनगर)

धागा वाचतोय, फार कामाचा आहे. माझ्याकडे जुनं कास्ट आयर्न बुलेट ३५० आहे. कन्नड घाटात नॉकिंग येतं आणि सकाळी किक कधी कधी उलटी मारते. गुडघ्याला लागलंय. टॅपेटला गॅप किती ठेवायचा? एक जण म्हणतो फिलर लागतच नाही, दुसरा म्हणतो चार थाऊ.

बालाघाट (बीड)

किक उलटी मारते म्हणजे टायमिंग पुढं आहे. दुरुस्त होईपर्यंत किक मारू नका, गिअरमध्ये टाकून ढकलून चालू करा. घोटा मोडलेली माणसं बघितलीत.

टॅपेटचं पहिला माणूस बरोबर बोलतो. उजव्या बाजूला सिलेंडरच्या बुडाशी टॅपेटचं झाकण आहे, ते काढा. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं असलेलं. कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. आता पुशरॉड (टॅपेटपासून वर रॉकरपर्यंत जाणारा दांडा) दोन बोटांत धरून गोल फिरवा. फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ अजिबात नको. हेच सेटिंग. याला गॅप लागत नाही कारण पुशरॉड ॲल्युमिनियमच्या आहेत आणि सिलेंडर लोखंडाचा, शिवाय हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर सगळं वाढतं आणि हिशोब जुळून जातो. पण फिरायला जड लागला तर टाईट समजा आणि वर डेल्को यांनी सांगितलेलं सगळं इथंही लागू. नंतरचं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेलं) इंजिन असेल तर त्यात हायड्रॉलिक (ऑईलच्या दाबावर आपोआप जुळणारे) टॅपेट आहेत, तिथं सेट करायचं काही नसतं.

आता टायमिंग. आधी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंट सगळ्यात जास्त उघडे असताना मोजायचा. मग स्विच ऑन करून अँमीटरकडं बघा. पॉइंट मिटलेले असले की काटा डिस्चार्जकडं झुकतो, उघडले की मध्ये येतो. यामुळे बुलेटला वेगळा बल्ब लावायची गरज पडत नाही. पिस्टन कॉम्प्रेशनला वर येताना टीडीसीच्या ०.८ मिमी आधी काटा मध्ये आला पाहिजे.

हे सगळं बरोबर असूनही घाटात नॉकिंग आलं तर पॉइंटच्या प्लेटखालचं ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की टायमिंग पुढं नेणारी वजनं आणि स्प्रिंग) बघा. कॅम हातानं पिळून सोडा, झटक्यात परत आला पाहिजे. वजनं गंजून अडकली किंवा स्प्रिंग सैल झाली की इंजिन कायम ॲडव्हान्समध्ये राहतं. मग किकही उलटी मारते आणि स्लोही चढलेला राहतो. ग्रीस-गंज साफ करून थेंबभर ऑईल एवढंच काम असतं बऱ्याचदा. मला वाटतं तुमचं दुखणं इथंच आहे.

हर्सूल (छत्रपती संभाजीनगर)

वजनं अडकलेलीच होती! एक तर हातानंही हलेना. साफ करून पॉइंट आणि टायमिंग तुम्ही सांगितलं तसं केलं. आता किक मऊ आहे. घाटात अजून नेली नाही.

सिंदफणा (माजलगाव)

डेल्को दादा, तुमचं पटलं. पॉइंटचा गॅप आधी आणि टायमिंग नंतर, याचं कारणही सांगून टाका. आमच्याकडं सरसकट उलटं करतात.

डेल्को (लातूर)

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं. गॅप वाढवला की पॉइंट कॅमवर लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढं. गॅप कमी झाला की मागं. पण डेल्को फिरवून टायमिंग बदललं तरी गॅप जागचा हलत नाही. म्हणून गॅप आधी. वापरात पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होत जातो आणि टायमिंग हळूहळू मागं पडतं. टाच लवकर झिजू नये म्हणून कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त झालं तर उडून पॉइंटवर जातं.

गॅप मोजताना हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा आणि सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा हे सोडून द्या, फिलर स्वस्तात मिळतं. पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर तिथंही फिलर फसवतं, वाळूजकर काकांनी रॉकरचं सांगितलं तसंच. घासून सपाट करा किंवा बदला. असं वारंवार होत असेल तर कंडेन्सर बघा. गरम झाल्यावर मिसिंग आणि पॉइंटवर निळी ठिणगी दिसत असेल तर बहुतेक तोच असतो.

ॲम्बॅसेडरचं टायमिंग बल्बवर असं करा. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, एक वायर कॉईलवरून डेल्कोकडं जाणाऱ्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनला आणून पुलीची खाच टायमिंग कव्हरच्या दात्यांशी जुळवा. लांब दात टीडीसीचा, बाजूचे पाच आणि दहा अंशांचे. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जो आकडा आहे तिथं थांबायचं. खुणेच्या पुढं गेलात तर थेट मागं येऊ नका. बरंच मागं नेऊन पुन्हा पुढं फिरवत खुणेवर या, नाहीतर चेनचा ढिलेपणा चुकीचं दाखवतो.

आता स्विच ऑन. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करा. या इंजिनात रोटर वरून बघता घड्याळाच्या उलट फिरतो. आधी डेल्को रोटरच्या दिशेनं थोडं फिरवा, पॉइंट मिटून बल्ब विझेल. मग उलट दिशेनं अगदी हळू फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. आवळल्यावर इंजिन दोन फेऱ्या फिरवून पुन्हा तपासा, बल्ब खुणेवरच पेटला पाहिजे. व्हॅक्युमची नळी तोंडानं ओढून बघा, आतली प्लेट सरकली पाहिजे. नाही सरकली तर पडदा फाटलाय, मग सपाट रस्त्यावर ॲव्हरेज मिळणार नाही.

गोदाकाठ (नांदेड)

आठही १५ ला सेट केले, खड्डे पडलेले तीन रॉकर घासून आणल्यावर. तिसऱ्याचं कॉम्प्रेशन थोडं वाढलं, पण बाकीच्यांच्या बरोबरीला आलं नाही. ऑईल टाकूनही तेवढंच. पॉइंट आणि टायमिंग बल्बवर केलं. गाडी पूर्वीपेक्षा खूप बरी आहे, गरम असताना लगेच लागते. पण स्लोला ती एक फट्‌ अजून आहे.

म्हणून शेवटी हेड उतरवलं. पाचव्या व्हॉल्व्हची कड एका जागी खाल्लेली आहे, नखाएवढी खाच पडलीय. बाकीचे तीन एक्झॉस्ट वाचलेत, पण सीट रुंद झाल्यात. टिकटिक थोडी परत आलीय. घरच्यांना ती आवडत नाही. मी त्यांना हा व्हॉल्व्ह दाखवला.

आता हेडचं काय करू?

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

हेड उतरलंच आहे तर चारही एक्झॉस्टला कडक सीटच्या रिंगा घालून घ्या. सीट कापून त्या जागी रिंग दाबून बसवतात, मोठ्या शहरातल्या कोणत्याही चांगल्या मशीनिंगवाल्याकडं होतं. आधी हेडला तडा नाही ना ते तपासून घ्यायला सांगा, विशेषतः दोन व्हॉल्व्हच्या मधल्या भागात. गाईडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत) व्हॉल्व्ह डुलत असेल तर गाईडही बदला, नाहीतर नवी सीट वाकडी झिजेल. सगळं झाल्यावर व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवा, खोलग्यात रॉकेल किंवा डिझेल भरा आणि थोडा वेळ थांबा. पोर्टमध्ये ओल उतरली तर ग्राइंडिंग पुन्हा.

डेल्को (लातूर)

काकांच्या म्हणण्यात एवढंच घालतो. हेड बसवून नट पुस्तकातल्या क्रमानं, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं टॉर्क पान्यानं आवळा आणि टॅपेट तात्पुरतं सेट करून गाडी चालवा. दोन-तीनशे किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासा. गॅस्केट दबून हेड किंचित खाली येतं, त्यासोबत रॉकरही पुशरॉडच्या जवळ येतात आणि टॅपेट टाईट होतं. म्हणून नट आवळल्यानंतर आठही टॅपेट पुन्हा १५ ला. नट आवळून टॅपेट तसंच ठेवलं तर नव्या सीटवर नवा व्हॉल्व्ह जळेल.

रिंगा घालायला हेड लातूरला आणणार असाल तर आधी मेसेज करा, इथल्या एमआयडीसीत हे काम करणारे आहेत. जुना पाचवा व्हॉल्व्ह सोबत आणा, मापाला लागेल.